डावा कोपरा

लोधीपुरा, बुऱ्हाणपूर
ता. ४ डिसेंबर १९३६

ती. मथुराअक्का हिला गजाननचा नमस्कार.

नागपूरला नीट पोचल्याचं तुझं कार्ड मिळालं. इकडे सर्व ठीक आहे. तेराव्याची भांडी देवळात परत दिली. शेजारच्या भागाबाईची दोन पातेली राहिली होती, तीही नेऊन दिली. सोमवारपासून मी शाळेत शिकवायला जातो.

कुसुम खंडव्याला माहेरी गेली आहे. थकली होती, म्हणून मीच जा म्हटलं.

नंदू बरा आहे. आई गेल्यापासून माझ्याशी चार वाक्यं बोलला असेल. त्यातली तीन 'तू रागावलास' हीच. मी रागावलेलो नाही. आई त्याला सगळं तोंडाने सांगत असे, तुला माहीत आहे. 'नंदू, मी रागावले नाही रे.' 'नंदू, ही थट्टा आहे, हस.' आंधळ्याला पायरी सांगावी तसं. मला ते जमत नाही.

आईचा फोटो मोठा करून भिंतीवर लावायचं आपलं ठरलं आहे. दसऱ्याला शनवारा पेठेत भाईदास फोटोवाल्याकडे काढला तोच देईन. सवड झाली की जातो. बाकी सर्व ठीक.

गजानन


नागपूर
ता. ११ डिसेंबर १९३६

चि. गजाननास मथुराचे आशीर्वाद.

सर्व ठीक आहे हे एका पत्रात दोनदा लिहिलंस, तेव्हाच मला कळलं की नाही. कुसुम थकली की घाबरली? मला खरं लिही.

मी निघाले तेव्हा भागाबाई टांग्यापाशी आली होती. तू सामान चढवत होतास. ती म्हणाली, "मथुराताई, माझं नाव नको घेशील. त्या दिशी मी चाळणी द्याले आली व्हती. माई खाली पडेल व्हती, अन् नंदू तिच्या उशाशी बसेल व्हता. दोन्ही हात तिच्या तोंडावर. मी म्हटलं, काय करून राह्यला रे? तर म्हणे, आता बरोबर झालं." मग म्हणाली की आंघोळ घालताना आईच्या ओठाशी अंगठ्याएवढा लाल डाग होता, तो तिने पाहिला आणि कुसुमनेही पाहिला. टांगा हलला म्हणून पुढचं राहिलं. भुसावळपर्यंत मी पाण्याचा घोट घेतला नाही.

गजानन, तूही पाहिलास का? तुळशीपत्र तूच ठेवलंस ना तोंडात?

आणखी एक. आईची दोन लुगडी मी आणली आहेत. दोन्हींच्या डाव्या खांद्यावर चहाचे डाग आहेत, धुऊनही जात नाहीत. आईच्या अंगावर कधी डाग पाहिला होतास? शेवटी तिच्याकडे कुणाचं लक्ष होतं की नाही, हे तुझ्या बायकोला विचारायला पाहिजे. मी विचारलं तर वाईट दिसेल.

अरविंदभाऊजी वेड्यांच्या दवाखान्यात डॉक्टर आहेत, तेव्हा त्यांच्याजवळ बोलले. भलतंसलतं काही बोलले नाही, जेवढं भागाबाईने सांगितलं तेवढंच. त्यांनी छापील अर्ज दिला तो सोबत आहे. तो भरून मॅजिस्ट्रेटपुढे द्यायचा. ते म्हणाले, सातवा रकाना नीट विचार करून भरा. रोग्याने कुणाला इजा केली आहे का, असं त्यात विचारलंय. 'नाही' लिहिलं तर साधे रोगी राहतात तिकडे ठेवतील, बरं वाटलं की घरी आणता येईल. 'होय' लिहिलं तर तो कुलपाच्या बाजूला जातो. तिकडून फारसं कुणी परत येत नाही.

तो माझाही भाऊ आहे. पण ती माझी आई होती.

मथुरा


लोधीपुरा, बुऱ्हाणपूर
ता. १७ डिसेंबर १९३६

ती. अक्का,

डाग मी पाहिला. ओठाच्या डाव्या कोपऱ्याशी होता. तुळशीपत्र ठेवून मी कापडाची कड तेवढी वर ओढली. तुला सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही.

त्या दिवशी मी शाळेत होतो, कुसुम बाजारात. शाळेचा शिपाई लोटू वर्गात बोलवायला आला. मी पोचलो तेव्हा आई गेलेली होती आणि नंदू भिंतीला टेकून बसला होता, चेहऱ्यावर काही नव्हतं. डॉक्टरांनी नाडी पाहिली, हृदय थांबलं म्हणाले. मी त्यांना पुढे काही विचारलं नाही. ते काय सांगतील याची भीती वाटली.

आता सगळंच लिहितो. नवरात्रापासून नंदू आईवर संशय घेत होता. म्हणायचा, "आई अर्धंच हसते. उरलेलं अर्धं कुणासाठी राखून ठेवते?" तिच्या हातचं खाणं त्याने सोडलं होतं. कुसुमने वाढलं तर खायचा. आई पदर तोंडाला लावून हसायची आणि म्हणायची, "सगळी हसतेय रे बाबा, सगळी." तुला कळवू नको असं तिनेच मला बजावलं होतं.

कुसुम घाबरूनच गेली. नंदूचा काही निर्णय होईपर्यंत येणार नाही असं तिच्या वडिलांचं पत्र आहे. तिच्यावर मात्र संशय घेऊ नकोस. तिने आईचं सगळं केलं. डागांचं मला माहीत नाही.

मी नंदूच्या खोलीला बाहेरून कडी बसवून घेतली आहे. विळी आणि सुरी माझ्या ट्रंकेत ठेवतो. आम्ही समोरासमोर जेवतो. तो माझ्या तोंडाकडे बघतो, मी त्याच्या हातांकडे. काल त्याने विचारलं, "मला मारणार आहेस का?" मी म्हटलं, "जेव." त्याने ताट सरकवलं.

अर्जाचे सहा रकाने भरले. सातवा कोरा आहे.

गजानन


नागपूर
ता. २३ डिसेंबर १९३६

रा. रा. गजाननराव यांस अरविंदचा नमस्कार.

वहिनींनी तुमचं पत्र मला वाचायला दिलं. त्याबद्दल त्यांच्यावर राग धरू नये.

नंदकुमारच्या आजाराला डॉक्टर लोक स्किझोफ्रेनिया म्हणतात. आमच्याकडे असे पुष्कळ आहेत. त्यांच्याबद्दल पुस्तकात नाही असं एक मला रोज बघून वाटू लागलं आहे. आपण माणसाकडे बघतो तेव्हा डोळे, तोंड, कपाळ असं भरभर फिरून सगळं एकत्र करतो आणि 'हा खूश आहे' असं समजतो. केव्हा एकत्र केलं ते आपल्यालाच कळत नाही. यांच्यापैकी बऱ्याच जणांची नजर तशी फिरत नाही. एका जागी अडकते, कानावर, हनुवटीवर, दातांवर. डोळे तर बहुतेक टाळतातच. तुकडे दिसतात, पण तुकड्यांचा माणूस होत नाही. मग काय मनात आहे ते त्यांना अंदाजाने ठरवावं लागतं, आणि भ्यालेल्या माणसाचा अंदाज वाईटच असतो. अगदी साध्या, शांत चेहऱ्यावरही त्यांना राग दिसतो.

तुम्ही एक करून पाहा. घरात असतील ते चार-सहा फोटो त्याच्यापुढे ठेवा आणि हा माणूस कसा आहे एवढंच विचारा. चूक-बरोबर म्हणू नका. तो काय बोलला आणि बोट कुठे ठेवलं ते लिहून पाठवा. आईंचा फोटोही दाखवा. आई अर्धंच हसते असं तो का म्हणत होता, ते मला समजून घ्यायचं आहे. सातव्या रकान्याचं मग ठरवू.

तुम्हाला स्पष्ट लिहितो. तुमचा चेहरा फारसं काही सांगत नाही. मी तुम्हाला वहिनींच्या लग्नापासून ओळखतो, तरी मलाही कळत नाही. त्याला काय दिसत असेल याचा विचार करा.

आपला,
अरविंद


लोधीपुरा, बुऱ्हाणपूर
ता. ३ जानेवारी १९३७

रा. रा. अरविंदराव यांस स. न.

सांगितल्याप्रमाणे केलं. आज रविवार, सकाळी ओसरीवर बसलो. जसं झालं तसं लिहितो.

अक्काच्या लग्नातला फोटो. दाजी हसत आहेत. नंदूने दातांवर बोट ठेवलं. म्हणाला, "चावणार."

आमच्या वडिलांचा फोटो. कानाच्या पाळीवर बोट. "हे ऐकतायत." कसे आहेत विचारलं तर उत्तर नाही.

माझा शाळेतला फोटो. मिशीवर बोट. "रागावलाय." मी म्हटलं, कुणावर? तर माझ्याकडे न बघता म्हणाला, "तूच सांग."

कुठल्याच फोटोत डोळ्यांवर बोट ठेवलं नाही. तुमचं म्हणणं खरं दिसतं.

शेवटी दसऱ्याचा फोटो. आई मध्ये बसली आहे, मागे मी आणि कुसुम. नंदू त्या दिवशी आलाच नव्हता. त्याने फोटो हातात घेतला आणि आईच्या तोंडाच्या डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. बराच वेळ काढलं नाही. मग फोटो पालथा ठेवला. म्हणाला, "हे आईचं तोंड नाही. हा कोपरा कुणीतरी नवीन बसवलाय."

मी विचारलं, कुणी? म्हणाला, "तुम्हाला ठाऊक. तुम्ही पैसे दिले."

तो उठून आत गेला. मी कडी लावली. फोटो सोबत पाठवत आहे. तो एकच आहे, परत पाठवावा.

गजानन


नागपूर
ता. ९ जानेवारी १९३७

रा. रा. गजाननराव,

फोटो परत पाठवत आहे. तो मी नीट पाहिला. आधी चेहऱ्याची उजवी बाजू कागदाने झाकली, मग डावी. भिंग लावूनही पाहिलं. दोन्ही बाजू सारख्या हसत आहेत.

मला वाटलं होतं, आईंच्या चेहऱ्यात खरोखर काही फरक पडला असेल आणि तेवढाच तुकडा त्याने पाहिला असेल. पण फोटो तसं सांगत नाही. म्हणजे अर्धं हसणं आणि नवीन बसवलेला कोपरा, दोन्ही त्याच्या मनातलं. तो महिनाभर त्या तोंडाकडे संशयाने बघत होता आणि शेवटी त्याचे हात तिथेच सापडले. याचा अर्थ काय ते मी लिहीत नाही. तुम्ही जाणते आहात.

सातव्या रकान्यात काय लिहावं हे मी सांगू शकत नाही. सांगू नये.

अरविंद


लोधीपुरा, बुऱ्हाणपूर
ता. १४ जानेवारी १९३७

ती. अक्का,

सातव्या रकान्यात 'होय' लिहिलं. काल अर्ज कचेरीत दिला. सोमवारी पंचवीस तारखेला नंदूला घेऊन मॅजिस्ट्रेटपुढे हजर राहायचं आहे. डॉक्टरांचे दोन दाखले मिळाले. त्यांनी त्याला पाच-पाच मिनिटं पाहिलं.

त्याला अजून सांगितलेलं नाही. आज संक्रांत. आपल्याकडे यंदा काही करायचं नाही, पण भागाबाईने वाटीभर तीळगूळ दिला. नंदूने मला विचारलं, "यात काय आहे?" मी म्हटलं, तीळ आणि गूळ. म्हणाला, "तुझं तोंड तसं सांगत नाही."

आईचा फोटो मोठा करायला शनिवारी भाईदासकडे जाईन. नंदू जायच्या आधी तो भिंतीवर लागावा असं वाटतं. का ते माहीत नाही.

गजानन


लोधीपुरा, बुऱ्हाणपूर
ता. १७ जानेवारी १९३७, रविवार

ती. अक्का,

हे पत्र अरविंदरावांनाही लगेच वाचायला दे.

काल मी भाईदासकडे गेलो. नंदूला बरोबर नेलं. कडी लावून निघालो तेव्हा तो दार ठोकू लागला आणि भागाबाई ओट्यावर येऊन उभी राहिली, म्हणून. रस्ताभर तो माझ्या चार पावलं मागे चालला. दुकानात आला नाही, उंबऱ्यावर थांबला.

भाईदास म्हणाला, "या मास्तर. आज फोटो नका काढू बरं का. तुमचा फोटो म्हणजे भिंतीचा फोटो. दसऱ्याले दहा खेपा म्हटलं, हसा, हसा. भिंत हसेल, पन मास्तर नाही." मी त्याला आईचं सांगितलं. तो वरमला. खोक्यातून त्या फोटोची मूळ काच, निगेटिव्ह, काढून उजेडाला धरली. थोडं बघून म्हणाला, "मोठा नाही होणार मास्तर. मोठा केला तर पेन्सिल दिसंल."

मी विचारलं, कसली पेन्सिल?

"माईच्या तोंडाची. डाव्या अंगानं उतरेल व्हतं ना. मी काचेवर बारीक पेन्सिल फिरवून कोपरा वर घेतला. सबका करतो मी. कुणाचे देवीचे वण काढतो, कुणाचा डोळा सरळ करतो. याचे वेगळे पैसे नाही घेत."

अक्का, मी तिथल्या स्टुलावर बसलो. म्हटलं, "मला सांगितलं का नाहीस?"

तो म्हणाला, "काय सांगू? गिऱ्हाइकाले म्हणू, तुमच्या आईचं तोंड वाकडं आहे? अन् तुम्ही घरचे मास्तर. तुम्हाले दिसत नव्हतं का?"

रोज दोन वेळा मी आईसमोर जेवायला बसत होतो. ती हसली म्हणजे हसली, एवढंच मी पाहत होतो.

त्याला म्हटलं, पेन्सिल पुसून छाप. तो आधी कां-कूं करत होता, मग टर्पेंटाइनचा बोळा काचेवरून फिरवला. एवढंच केलं. छापलेला फोटो ओला होता तो ट्रेमध्ये ठेवून बाहेर आणला. डावा गाल सैल पडलेला, ओठाचा कोपरा खाली. उजवी बाजू हसते आहे. डावी नाही.

नंदू केव्हा आत आला ते कळलं नाही. त्याने ट्रेमध्ये पाहिलं आणि म्हणाला, "हां. हे आईचं." मग ओल्या कागदावर त्या कोपऱ्याशी अंगठा ठेवला आणि वर दाबला. अक्का, डाग होता बरोबर त्याच जागी.

मी विचारलं, "त्या दिवशी काय झालं?"

"पडली. सगळं तोंड खाली आलं. मी वर धरलं."

"किती वेळ?"

"भागाबाई आली तोवर. मग सोडलं तरी तसंच राहिलं. बरोबर झालं होतं."

मी म्हटलं, "नंदू, तू हाक का नाही मारलीस? कुणाला सांगितलं का नाहीस?"

तो म्हणाला, "नवरात्रापासून सांगतोय."

भाईदासने पैसे घेतले नाहीत. उद्या कचेरी उघडली की मी अर्ज परत मागायला जाईन. देतील की नाही माहीत नाही. सही माझीच आहे. नवीन फोटो सोबत आहे.

गजानन


नागपूर
ता. २० जानेवारी १९३७

चि. गजानन,

फोटो आला. मी तो फार वेळ पाहू शकले नाही.

ती लुगडी मी पुन्हा काढली. दोन्हींचे डाग डाव्या खांद्यावरच. चहा तोंडाच्या त्या बाजूने सांडत असणार आणि ती पदराने पुसत असणार. पदर तोंडाला लावून हसायची असं तूच लिहिलंस. तिला माहीत होतं रे. आपल्याला कळू नये म्हणून झाकत होती, आणि ज्याला काही कळत नाही असं आपण समजत होतो त्यालाच तेवढं दिसलं. मी मात्र कुसुमवर संशय घेतला. तिला मी वेगळं पत्र घालत आहे.

भाऊजींनी फोटो पाहिला. कागद लावायची गरज पडली नाही. ते म्हणाले, अर्धांगाचा हलका झटका नवरात्रातच येऊन गेला असेल आणि मोठा त्या दिवशी आला. आधी कळलं असतं तर आई वाचलीच असती असं त्यांना म्हणवत नाही, पण वाचली नसती असंही म्हणवत नाही. मग म्हणाले, "वहिनी, रोग्याने कोपरा बसवलेला आहे म्हणून सांगितलं, आणि मी भिंग घेऊन पेन्सिल तपासली." त्यांनी मॅजिस्ट्रेटसाठी पत्र लिहून दिलं आहे. ते सोबत आहे. कचेरीत दाखव.

ते असंही म्हणाले की नंदू बरा झाला असं समजू नका. त्याने पाहिलं ते खरं होतं, त्याचा अर्थ लावला तो आजाराने. उन्हाळ्यात त्याला इकडे घेऊन ये. आमच्याच घरी राहील, ते रोज बघतील.

भागाबाईला काय सांगायचं ते तू ठरव. तिने पाहिलं तेवढंच सांगितलं होतं. पुढचं माझ्या मनाने जोडलं.

मथुरा


लोधीपुरा, बुऱ्हाणपूर
ता. ७ फेब्रुवारी १९३७

ती. अक्का,

अर्ज परत मिळाला. पहिल्यांदा कारकून ऐकेना. पंचवीस तारखेला हजर राहावंच लागलं. मॅजिस्ट्रेटनी अरविंदरावांचं पत्र वाचलं, दोन्ही फोटो शेजारी ठेवून पाहिले आणि मला विचारलं, "तुम्ही 'होय' कशावरून लिहिलं होतं?" मी म्हटलं, "संशयावरून." त्यांनी अर्जावर रेघ मारली.

भागाबाईला फोटो दाखवला. दुसऱ्या दिवशी ती केळीच्या पानावर गरम भाकरी घेऊन आली आणि नंदूला म्हणाली, "खाय बाबा. मी चिडेल नाही बरं, माझं तोंडच असं आहे." त्याने खाल्ली.

कुसुम गुरुवारी आली. तुझं पत्र तिने मला दाखवलं नाही. दिवसा ती एकटी असली की भागाबाई येऊन बसते. मीही दुपारच्या सुटीत घरी येतो. खोलीची बाहेरची कडी काढली. चौकटीला खिळ्यांची चार भोकं राहिली आहेत, ती बुजवायची आहेत.

नंदू तसाच आहे. दूधवाला दुधात काहीतरी घालतो असं परवापासून म्हणतो. मी दूधवाल्याकडे नीट बघून घेतलं. काही नाही, पाणीच जास्त घालतो.

भिंतीवर कुठला फोटो लावायचा याचा मी विचार केला. टर्पेंटाइनने पुसलेलाच मोठा करून लावला. पाहुणे आले की क्षणभर थबकतात. थबकू देत.

काल जेवताना माझं चित्त नव्हतं. समोर आईचा पाट रिकामा होता. नंदूने हात थांबवला आणि म्हणाला, "रागावलास."

नेहमीसारखं 'जेव' म्हणणार होतो. म्हटलं, "नाही. मला आईची आठवण येते आहे. रडू येतंय."

तो माझ्या मिशीकडे पाहत राहिला. मग डाव्या हाताचा अंगठा माझ्या ओठाच्या कोपऱ्याला लावून बघितला, आधी एका बाजूला, मग दुसऱ्या. दोन्ही सारखेच होते बहुतेक.

म्हणाला, "असं सांगत जा ना."

आणि पुढे जेवला. मीही जेवलो. आज मी त्याला तीनदा सांगितलं.

गजानन